रॅम डिस्क जमत नाही? डॉसच्या जुन्या मशीनसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉसवर (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची पीसीची ऑपरेटिंग सिस्टीम) चालणारी जी मशीनं अजून दुरुस्तीला येतात ती साधारण दोन प्रकारची. एक, कारखान्यात कुठल्या तरी जुन्या यंत्राला जोडलेलं, जे बंद पडलं की काम थांबतं. दुसरं, कुणी हौसेने माळ्यावरून उतरवलेलं ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचं मशीन. दोन्हीकडे रॅम डिस्कचे प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळं एमएस-डॉस ५ (१९९१) ते ६.२२ (१९९४) आणि त्यांच्याबरोबर येणारी, रॅम डिस्क बनवणारी रॅमड्राइव्ह.सिस ही फाइल यांच्याबद्दल आहे.

एक सूचना आधीच. आज्ञा आणि संदेश इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिलेत. मशीनवर अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे (1, 2, 3) टाइप करायचे. त्यातही एक घोळ टाळा: तिरक्या रेघेनंतर मी ‘ए’ लिहितो ते रोमन वर्णमालेतलं पहिलं अक्षर, ‘ई’ लिहितो ते पाचवं. फोनवर सांगताना या दोन अक्षरांनी बराच वेळ खाल्लाय.

रॅम डिस्क म्हणजे नेमकं काय?

मेमरीचा एक तुकडा बाजूला काढून डॉसला सांगायचं, ‘ही डिस्क आहे.’ मग डॉस त्याला डी किंवा ई असं अक्षर देतो आणि तुम्ही तिथे फायली ठेवू शकता. फिरणारं काही नाही, त्यामुळे वेग जबरदस्त. वीज गेली किंवा मशीन रीसेट केलं की सगळं साफ. नुसतं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट केलंत तरी साफ. (अमिगा नावाच्या संगणकावर ‘रॅड’ नावाची रॅम डिस्क होती, ती रीसेटनंतरही टिकायची. पीसीवाल्यांच्या नशिबी ते सुख नव्हतं.)

आयबीएमच्या पीसी-डॉस ३.० बरोबर १९८४ मध्ये व्हीडिस्क.सिस आली, आणि एमएस-डॉस ३.२ पासून मायक्रोसॉफ्टची रॅमड्राइव्ह.सिस. कल्पना तीच, पण मेमरी वापरायची रीत वेगळी. याचा त्रास कुठे होतो ते पुढे येईल.

कॉन्फिग.सिसमध्ये नक्की काय लिहायचं?

किमान एवढं:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डॉस=हाय
डिव्हाइस=सी:\डॉस\रॅमड्राइव्ह.सिस २०४८ /ई

२०४८ म्हणजे केबी, म्हणजे २ एमबीची डिस्क. /ई म्हणजे एक्स्टेंडेड मेमरीतून (पहिल्या १ एमबीच्या वरची मेमरी) घे. फाइल सेव्ह करून मशीन पुन्हा सुरू करा, कारण कॉन्फिग.सिस फक्त सुरू होतानाच वाचली जाते. सगळं नीट असेल तर पडद्यावर रॅमड्राइव्हची आवृत्ती, मिळालेलं अक्षर, आकार, सेक्टर किती बाइटचा आणि मूळ डिरेक्टरीत किती नोंदी मावतील एवढं दिसतं. फॉरमॅट करायची गरज नाही, डिस्क तयारच मिळते.

संदेश इतक्या झपाट्याने वर सरकतो की वाचताच येत नाही.

पॉज कळ दाबा. हात चपळ नसेल तर डॉस ६ किंवा पुढच्या आवृत्तीवर ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसताच एफ८ दाबा. मग तो कॉन्फिग.सिसची एकेक ओळ दाखवून हो की नाही विचारतो. प्रत्येक ओळीला वाय दाबत जा, आणि रॅमड्राइव्हच्या ओळीनंतर काय उमटतं ते सावकाश कागदावर लिहून घ्या. एफ५ दाबलंत तर सुरुवातीच्या दोन्ही फायली, कॉन्फिग.सिस आणि तिच्यानंतर चालणारी ऑटोएक्झेक.बॅट, पूर्ण वगळल्या जातात. मशीन अर्ध्यातच लटकत असेल तेव्हा तो उपयोगी.

डॉस ५ मध्ये ही सोय नाही. तिथे कॉन्फिग.सिसला हात लावण्याआधी चालू होणारी एक फ्लॉपी बनवून ठेवा. हे सांगून कुणी ऐकत नाही, तरी सांगतो.

‘नो एक्स्टेंडेड मेमरी अव्हेलेबल’ असं येतं. मशीनमध्ये तर ८ एमबी आहे!

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दहापैकी आठ वेळा मेमरी ठीक असते, ओळींचा क्रम चुकलेला असतो. डॉस कॉन्फिग.सिसमधल्या डिव्हाइसच्या ओळी वरून खाली वाचतो. हायमेम.सिस हा एक्स्टेंडेड मेमरीचा भांडारी आहे. तो जागेवर बसायच्या आधीच रॅमड्राइव्ह दारात उभा राहिला तर त्याला हात हलवत परत जावं लागतं. हायमेमची ओळ रॅमड्राइव्हच्या वर हवी. बस.

क्रम बरोबर असेल तर पुढच्या गोष्टी याच ओघात तपासा.

हायमेम खरंच बसला का? त्याच्या ओळीत फाइलचा रस्ता चुकला असेल किंवा कुणी तिच्यापुढे रेम लिहून ती बंद केली असेल. ए२० नावाची पत्त्याची एक तार मेमरीच्या पहिल्या १ एमबीच्या पलीकडचं दार उघडते. ती हायमेमला सांभाळता आली नाही तर तो ‘अनेबल टू कंट्रोल ए२० लाइन’ म्हणून माघार घेतो. अशा वेळी हायमेमच्या ओळीच्या शेवटी /मशीन:१, /मशीन:२ असे आकडे देऊन पाहावे लागतात. वेगवेगळ्या बनावटीच्या मशीनसाठी वेगवेगळे आकडे आहेत. डॉस ६ मध्ये ‘हेल्प हायमेम.सिस’ दिलं की यादी मिळते.

दुसरं कुणी आधीच मेमरी संपवलीय का? ईएमएम३८६ हा मेमरी सांभाळणारा दुसरा ड्रायव्हर. डॉस ५ मध्ये त्याला त्याच्या ओळीत मोठा आकडा दिला असेल तर तो तेवढी मेमरी एक्सपांडेड (काही जुन्या प्रोग्रामांना लागणारी वेगळ्या पद्धतीची मेमरी) म्हणून अडवून बसतो. ‘मेम’ ही आज्ञा द्या आणि एक्स्टेंडेडच्या ओळीत ‘फ्री’खाली किती आहे ते बघा.

आणि मशीन कुठलं आहे? ८०८८ किंवा ८०८६ चा पीसी-एक्सटी असेल तर त्याला एक्स्टेंडेड मेमरी हा प्रकारच नाही. तिथे /ई चालणारच नाही.

‘इनव्हॅलिड पॅरामीटर’?

आकडे चुकलेत. रॅमड्राइव्हला तीन आकडे देता येतात आणि क्रम ठरलेला आहे: डिस्कचा आकार, सेक्टरचा आकार, मूळ डिरेक्टरीतल्या नोंदी. मधला गाळून तिसरा देता येत नाही. मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक अशी:

डिव्हाइस=सी:\डॉस\रॅमड्राइव्ह.सिस ४०९६ २५० /ई

लिहिणाऱ्याच्या मनात ‘४ एमबी आणि २५० नोंदी’. रॅमड्राइव्ह मात्र २५० हा सेक्टरचा आकार समजतो, आणि सेक्टर फक्त १२८, २५६ किंवा ५१२ बाइटचाच चालतो. बरोबर ओळ ‘४०९६ ५१२ २५६ /ई’. सेक्टर ५१२ चाच ठेवा. लहान सेक्टरने जागा वाचते असं पुस्तकात असतं, पण त्यासाठी वाकडी वाट धरण्यात अर्थ नाही.

आकार ४ ते ३२७६७ केबीच्या बाहेर गेला तरी हाच प्रकार. पूर्ण ३२ एमबी म्हणजे ३२७६८. एकाच केबीने गाडी चुकते. नोंदी २ ते १०२४. ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये १६ नोंदी बसतात, म्हणून १६ च्या पटीत आकडा दिलेला बरा.

‘बॅड ऑर मिसिंग’ किंवा ‘एरर इन कॉन्फिग.सिस लाइन ५’?

फाइल सापडली नाही, किंवा पाचव्या ओळीत स्पेलिंगची चूक आहे. फाइलचं नाव नीट बघा. रॅमड्राइव्ह रोमनमध्ये पूर्ण आठ अक्षरी लिहितात, शेवटच्या ई-सकट. स्मार्टड्राइव्हचं (हार्डडिस्कवरचा लागणारा डेटा मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, ठेवणारा प्रोग्राम) नाव आठ अक्षरांत बसवताना शेवटचे स्वर गाळलेत. दोन्ही फायली शेजारी शेजारी असल्याने लोक रॅमड्राइव्हचेही स्वर गाळतात. विंडोज ३.१ बसवलेल्या मशीनवर या फायलींच्या प्रती डॉस आणि विंडोज अशा दोन्ही डिरेक्टरीत असू शकतात. ओळीतला रस्ता खरा आहे का ते ‘डिर’ करून पाहा.

‘इनकरेक्ट डॉस व्हर्जन’ आलं तर एका आवृत्तीची फाइल दुसऱ्या आवृत्तीवर चालवली जातेय. मित्राच्या फ्लॉपीवरून आणलेली फाइल काढून टाका.

४ एमबीच्या मशीनवर किती मोठी रॅम डिस्क करावी?

हिशोब करू. ४ एमबी म्हणजे ४०९६ केबी. पहिला १०२४ चा हिस्सा डॉस, पडद्याची मेमरी आणि बायॉस यांचा. उरले ३०७२. डॉस=हाय लिहिलं की डॉसचा काही भाग तिथे जातो, त्यातले ६४ केबी गेले. राहिले ३००८. २०४८ ची रॅम डिस्क केलीत की हातात ९६०. आणि ऑटोएक्झेक.बॅटमध्ये स्मार्टड्राइव्ह काही आकडा न देता लिहिलेला असेल, तर १ एमबीपर्यंत उरलेली मेमरी तो सगळीच कॅशसाठी घेतो. झाला शून्य. मग एक्स्टेंडेड मेमरी मागणारा कुठलाही प्रोग्राम ‘मेमरी नाही’ म्हणतो आणि माणूस रॅम काढून घासत बसतो.

४ एमबीवर ५१२ किंवा फार तर १०२४ केबीची करा, आणि स्मार्टड्राइव्हला स्पष्ट आकडा द्या. विंडोज ३.१ चालवायचं असेल तर करूच नका, त्याला तीच मेमरी हवी असते आणि तो गुदमरतो. ८ एमबीवर २ एमबी सुखाने. १६ एमबीवर केवळ डॉस चालवत असाल तर ८ एमबी दिलीत तरी हरकत नाही.

मागितला तो आकार आणि मिळाला तो आकार एकच असेल असं धरून चालू नका. सुरुवातीच्या संदेशातला आकडा वाचा.

रॅम डिस्क झाली, पण आता नेहमीचा प्रोग्राम ‘टू बिग टू फिट इन मेमरी’ म्हणतो.

/ई लिहायचं राहिलंय. काहीच न लिहिता रॅमड्राइव्ह डिस्कसाठीची जागा पहिल्या ६४० केबीमधून घेतो, म्हणजे प्रोग्राम चालतात त्याच खोलीतून. आकडाही दिला नसेल तर ६४ केबी, दिला असेल तर तेवढी. ३६० केबीच्या फ्लॉपीएवढी डिस्क अशी केलीत तर प्रोग्रामला उभं राहायला जागा उरत नाही.

/ए कधी वापरायचं?

ज्या मशीनमध्ये एक्सपांडेड मेमरीचं वेगळं कार्ड आहे, तिथे. असं मशीन आता विरळा. ३८६ आणि पुढे ईएमएम३८६ एक्स्टेंडेड मेमरीचंच सोंग काढून एक्सपांडेड दाखवतो. मग तीच मेमरी वळसा घालून वापरण्यात फायदा काय? /ई बरं. तरी /ए हवंच असेल तर हायमेम, ईएमएम३८६, रॅमड्राइव्ह या क्रमाने लिहा आणि ईएमएम३८६ च्या ओळीत ‘नोईएमएस’ नाही हे बघा. तो शब्द असताना /ए दिलंत की ‘एक्सपांडेड मेमरी मॅनेजर नॉट प्रेझेंट’ येणारच.

डिस्कवर ३ एमबी मोकळी दिसते, तरी नवी फाइल होत नाही. ‘फाइल क्रिएशन एरर’.

मूळ डिरेक्टरीच्या नोंदी संपल्या. काही न सांगता रॅमड्राइव्ह ६४ नोंदी ठेवतो. त्यातली एक डिस्कच्या नावालाच जाते (‘डिर’ केलंत की एमएस-रॅमड्राइव्ह असं वर दिसतं ते). म्हणजे तुमच्या वाट्याला ६३. बारीक बारीक फायली करणारा प्रोग्राम हा आकडा काही मिनिटांत गाठतो.

उपाय सोपा आहे. रॅम डिस्कवर एक डिरेक्टरी करा आणि सगळं तिच्यात टाका. आतल्या डिरेक्टरीला अशी मर्यादा नसते. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये ‘एमडी डी:\टेम्प’ अशी एक ओळ पुरते, आणि ती रोज हवी, कारण रोज सकाळी डिस्क कोरी असते.

रॅम डिस्क केल्यापासून सीडी ड्राइव्हचं अक्षर बदललं आणि गेम म्हणतो सीडी टाका.

अक्षरं वाटण्याचा क्रम असा: आधी हार्डडिस्कचे भाग, मग कॉन्फिग.सिसमधले ड्रायव्हर ज्या क्रमाने येतील तसे, आणि सीडीला अक्षर देणारा एमएससीडेक्स ऑटोएक्झेक.बॅटमध्ये असल्याने सगळ्यात शेवटी. काल सी ही हार्डडिस्क आणि डी ही सीडी होती. आज मध्ये रॅम डिस्क घुसली, तिने डी घेतलं आणि सीडी ई झाली. गेमने बसवताना डी लिहून ठेवलंय, तो तिथेच दार ठोठावतोय.

रॅमड्राइव्हला अमुक अक्षर दे असं सांगता येत नाही. सीडीला सांगता येतं. एमएससीडेक्सच्या ओळीत /एल:आर लिहा आणि कॉन्फिग.सिसमध्ये लास्टड्राइव्ह=झेड. आता रॅम डिस्क असो वा नसो, सीडी कायम आर. आधी बसवलेले गेम मात्र एकदा पुन्हा बसवावे लागतील, किंवा त्यांच्या सेटिंगच्या फाइलमध्ये अक्षर बदलावं लागेल. लास्टड्राइव्ह न वाढवता आर मागितलंत तर ‘नॉट इनफ ड्राइव्ह लेटर्स’ येतं. झेडपर्यंत वाढवल्याने मेमरी किती जाते असं विचारणारे आहेत. प्रत्येक अक्षराला ८८ बाइट. जाऊ द्या.

हाच अनुभव विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीने कित्येकांना दिलाय. ती फ्लॉपी सुरू होताना स्वतः २ एमबीची रॅम डिस्क बनवते, फ्लॉपीवर दाबून भरलेली दुरुस्तीची हत्यारं तिथे उलगडते आणि ती कुठल्या अक्षरावर टाकली तेही सांगते. तो संदेश न वाचता लोक डी:\सेटअप मारायचे आणि ‘बॅड कमांड’ आलं की सीडी खराब आहे म्हणून दुकानात परत न्यायचे. ई: करून पाहा.

टेम्प रॅम डिस्कवर ठेवावं का?

टेम्प म्हणजे प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फायली ठेवतात ती जागा. हो, रॅम डिस्कचा सर्वांत चांगला उपयोग हाच. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये या क्रमाने:

एमडी डी:\टेम्प
सेट टेम्प=डी:\टेम्प
सेट टीएमपी=डी:\टेम्प

डिरेक्टरी आधी, सेट नंतर. बरोबरीच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा सोडू नका. डॉस ती जागाही नावात धरतो आणि मग टेम्प सापडत नाही.

दोन ठिकाणी मात्र हे अंगाशी येतं. एक, नवीन सॉफ्टवेअर बसवताना. काही सेटअप अर्धं काम टेम्पमध्ये ठेवून मशीन पुन्हा सुरू करतात. सुरू झाल्यावर तिथे काहीच नसतं. तेवढ्यापुरतं टेम्प सी वर न्या. दोन, विंडोज ३.१ मधून छपाई. चित्रांची पानं छापताना छपाईच्या फायली टेम्पमध्ये साठतात आणि ५१२ केबीची डिस्क एका पानात भरते.

‘डिर’ला ‘मोअर’ जोडलं की ‘इंटरमीडिएट फाइल एरर ड्युरिंग पाइप’ येतं. याचा रॅम डिस्कशी काय संबंध?

थेट आहे. डॉसमध्ये एका आज्ञेचा निकाल दुसरीला देताना मध्ये एक तात्पुरती फाइल होते, आणि डॉस ५ पासून ती टेम्पमध्ये होते. टेम्प डी:\टेम्पवर दाखवलंय, पण आज रॅम डिस्क झालीच नाही किंवा एमडीची ओळ राहिली, की हा संदेश येतो. मी तर रॅम डिस्क जिवंत आहे का हे बघायला हीच युक्ती वापरतो.

डॉस ६.२ पासून डिस्ककॉपी फ्लॉपीची पूर्ण नक्कल टेम्पमध्ये घेऊन एका फेरीत काम उरकते, तेही इथेच अडतं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला १ एमबीची रॅम डिस्क पुरणार कशी? अशा कामासाठी २०४८ ठेवा.

फॉक्सप्रोचा (डेटाबेसचा जुना प्रोग्राम) डेटाच रॅम डिस्कवर ठेवला तर? रिपोर्ट विजेसारखा निघेल.

निघेल. आणि वीजच गेली तर?

हे मी केलेलं आहे, म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात एका पतसंस्थेचं ४८६ मी सांभाळायचो. महिनाअखेरीचं व्याज लावायला तासभर लागायचा, म्हणून मी हुशारी केली: सकाळी खात्यांच्या फायली रॅम डिस्कवर टाकायच्या, दिवसभर तिथे काम, संध्याकाळी बॅच फाइलने परत सी वर. तीन आठवडे मी तिथला हिरो होतो. चौथ्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमारास लाइट गेले. यूपीएसने टीं-टीं सुरू केलं. कॅशियरबाई म्हणाल्या, ‘हे एवढं व्हाउचर टाकते आणि बंद करते.’ ते व्हाउचर टाकून होईपर्यंत बॅटरी संपली. पडद्यावर मधोमध एक ठिपका राहिला आणि तोही विझला. सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या. तारेला लावलेली व्हाउचरं उलट्या क्रमाने काढून रात्री साडेनऊपर्यंत आम्ही दोघांनी पुन्हा टाइप केली. चहा त्यांनी पाजला, माझ्याकडे न बघता.

तेव्हापासून माझा नियम: मूळ डेटा सी वर, तात्पुरत्या फायली रॅम डिस्कवर. फॉक्सप्रोत त्यासाठी कॉन्फिग.एफपी ही फाइल आहे. तिच्यात टीएमपीफाइल्स=डी: लिहिलं की त्याच्या तात्पुरत्या फायली तिकडे जातात. क्रमवारी लावताना आणि मोठ्या क्वेरीला फरक जाणवतो, आणि गेलं तरी हरकत नाही असंच तिथे राहतं.

टर्बो सी (सी भाषेत प्रोग्राम लिहायचं साधन) वापरणाऱ्यांनीही हेच करावं. ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीज, तिथे आउटपुट डिरेक्टरी डी:\. तयार होणाऱ्या फायली तिकडे, तुमचा प्रोग्राम सी वर. पॉइंटर चुकून मशीन लटकलं की रीसेटशिवाय गती नसते, आणि ते लटकणारच.

तरीही काम रॅम डिस्कवरच करायचं आहे. परत सी वर आणायची खात्रीची रीत?

सकाळी फायली नेल्यावर ‘ॲट्रिब -ए डी:\*.* /एस’ चालवा. याने सगळ्यांवरची ‘बदललंय’ ही खूण पुसली जाते. मग दर अर्ध्या तासाने ‘एक्सकॉपी डी:\*.* सी:\काम /एम /एस’. /एममुळे फक्त बदललेल्या फायली जातात आणि त्यांची खूण पुन्हा पुसली जाते. पहिली पायरी गाळलीत तर पहिल्या खेपेला सगळंच जातं, कारण कॉपी करतानाच प्रत्येक फाइलवर ती खूण बसलेली असते.

रॅम डिस्कवरच्या फायली मध्येच बिघडतात. हार्डडिस्कवर त्याच ठीक.

मेमरीचा तुकडा खराब असण्याची दाट शक्यता. नेहमीच्या कामात जो भाग कधी वापरलाच जात नाही, तिथे रॅम डिस्क फायली ठेवते आणि दुखणं उघडं पडतं. झिपची एक मोठी फाइल रॅम डिस्कवर टाकून मूळ फाइलशी ‘एफसी /बी’ने ताडून पाहा. फरक आला की मशीन बंद करून रॅमच्या पट्ट्या काढा, कडा खोडरबराने हलक्या पुसा, पुन्हा घट्ट बसवा. तरीही तेच, तर पट्ट्या बदलत बदलत गुन्हेगार शोधायचा. इथे एक अडचण: ३० पिनांच्या पट्ट्या ४८६ मध्ये चार-चारच्या गटानेच चालतात, कारण एक पट्टी ८ बिटांची आणि प्रोसेसरला एका वेळी ३२ लागतात. ३८६एसएक्समध्ये दोन-दोन. एकच काढून मशीन सुरू केलंत तर ते सुरूच होणार नाही, आणि तुम्ही नको त्या पट्टीवर आळ घ्याल.

मशीनमध्ये ३२ एमबी, पण डॉसला १५ च्याच आसपास दिसते.

बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘मेमरी होल ॲट १५एम’ अशा नावाची ओळ शोधा आणि बंद करा. काही जुन्या कार्डांसाठी तिथे मुद्दाम खिंडार ठेवलेलं असतं. हायमेम त्या खिंडारापर्यंतच जातो.

मशीनवर व्हीडिस्कही आहे आणि हायमेम सुरू व्हायला नकार देतो.

मेमरी वापरायची रीत वेगळी म्हटलं होतं ते हे. जुना व्हीडिस्क कुणाला न विचारता १ एमबीच्या वरची जागा थेट धरतो. हायमेमला तो दिसला की तो बाजूला होतो, आणि ते योग्यच करतो. व्हीडिस्कची ओळ काढा, रॅमड्राइव्ह वापरा.

रॅम डिस्क की स्मार्टड्राइव्ह?

दोन्हींना पुरेल एवढी मेमरी नसेल तर स्मार्टड्राइव्ह. तो काय वेगाने हवं ते स्वतः ओळखतो, आणि डेटा शेवटी हार्डडिस्कवरच असतो. एक पथ्य: डॉस ६ चा स्मार्टड्राइव्ह लिहिणंही थोडं लांबवू शकतो. मशीन बंद करण्याआधी ‘स्मार्टड्राइव्ह /सी’ द्या, म्हणजे राहिलेलं लिहून होतं. रॅम डिस्कला स्मार्टड्राइव्ह हात लावत नाही, ते बरंच आहे. मेमरीची कॅश मेमरीत कशाला?

हार्डडिस्कच नाही, फक्त फ्लॉपीवर चालणारं मशीन आहे.

तिथे रॅम डिस्कचं सोनं होतं. कमांड.कॉम तिच्यावर कॉपी करा आणि ‘सेट कॉमस्पेक’मध्ये रॅम डिस्कवरचा रस्ता द्या, उदाहरणार्थ सी:\कमांड.कॉम. हार्डडिस्क नसल्याने इथे रॅम डिस्कलाच सी मिळतं. मोठा प्रोग्राम बंद झाल्यावर ‘कमांड.कॉमची फ्लॉपी टाका’ ही कटकट थांबते. नंतर ती फाइल चुकून पुसलीत तर मात्र मशीन जागीच थांबेल.

डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचं सोंग काढणारा प्रोग्राम) हे सगळं चालेल का?

नाही. डॉसबॉक्स कॉन्फिग.सिस वाचतच नाही, आणि तिथे गरजही नाही. खऱ्या मशीनवर फ्रीडॉस (डॉसशी जुळणारी मोफत सिस्टीम) असेल, किंवा अक्षर स्वतः निवडायचं असेल, तर एक्सएमएसडीएसके हा छोटा मोफत प्रोग्राम पाहा. ‘एक्सएमएसडीएसके ८१९२ आर: /वाय’ एवढं लिहिलं की ८ एमबीची डिस्क थेट आर वर. ऑटोएक्झेक.बॅटमधूनही चालतो, त्यामुळे कॉन्फिग.सिसला हात लावावा लागत नाही. हायमेम मात्र त्यालाही आधी लागतोच.